नामवंत खेळाडू घ्यावा का? जोखमीचे गणित

१६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत हॉकी इंडिया लीग या नव्या स्पर्धेसाठी खेळाडूंचा पहिला लिलाव झाला. स्पर्धेत पाच संघ होते आणि त्यांतला एक मुंबईचा, 'मुंबई मॅजिशियन्स'. या संघाने ६४,४०० डॉलर मोजून संदीप सिंगला घेतले. पेनल्टी कॉर्नरवर गोल करण्यात त्याची गणना जगातल्या अव्वल खेळाडूंमध्ये होत असे. प्रशिक्षक म्हणून ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ यांच्यासारखा जाणकार माणूस लाभला होता. २०१३च्या जानेवारी-फेब्रुवारीत स्पर्धा झाली. संदीपने १२ सामन्यांत ११ गोल केले. साऱ्या स्पर्धेत त्याच्याइतके गोल दुसऱ्या कोणी केले नाहीत. आणि मुंबईचा संघ पाच संघांत पाचवा आला!

आता याच्या नेमके उलट उदाहरण कबड्डीतले पाहू. २०२२च्या प्रो कबड्डी लिलावात तमिळ थलैवाज संघाने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख रुपये मोजले. हंगामातल्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो उरलेल्या हंगामात खेळू शकला नाही. तरीही त्याच वर्षी हा संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीपर्यंत पोचला. तेथे पुणेरी पलटणने त्याला ३९-३७ असे जेमतेम हरवले.

एके ठिकाणी मोठ्या किमतीचा खेळाडू अपेक्षेप्रमाणे खेळला आणि संघ तळाला गेला. दुसऱ्या ठिकाणी तो मैदानाबाहेर बसला आणि संघ वर चढला. मग 'मोठा खेळाडू घेणे हे संघाच्या हिताचे आहे का?' या प्रश्नाचे उत्तर कसे द्यायचे? दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे तर खरेच. परंतु हा प्रश्न केवळ नशिबावर सोडून देण्यासारखाही नाही. आठवी-नववीच्या गणितात शिकवतो तेवढी संभाव्यता वापरून त्याची बरीच उकल करता येते. विद्यार्थ्यांना खेळाची गोडी असतेच. तिचा उपयोग करून 'जोखीम' ही कल्पना वर्गात कशी मांडता येईल, ते या लेखात पाहू.

सरासरी आणि पसारा

रोजच्या बोलण्यात आपण जोखीम म्हणजे धोका असे समजतो. शास्त्रीय अर्थ थोडा वेगळा आहे. एखाद्या निर्णयाचे अनेक परिणाम संभवतात. त्यांपैकी प्रत्येकाची संभाव्यता वेगळी आणि त्यातून होणारा लाभ किंवा तोटाही वेगळा. प्रत्येक परिणामाच्या लाभाला त्याच्या संभाव्यतेने गुणून साऱ्या गुणाकारांची बेरीज केली, की 'अपेक्षित मूल्य' मिळते. ही एक प्रकारची सरासरी होय. पण सरासरी कळली म्हणजे सगळे कळले असे नाही. परिणाम त्या सरासरीच्या किती आसपास किंवा किती दूर विखुरलेले आहेत, हेही पाहावे लागते. हा पसारा म्हणजेच जोखीम. हॉकीतले एक उदाहरण घेऊन ही गोष्ट आकड्यांत मांडू.

पेनल्टी कॉर्नर म्हणजे साखळी

गोलासमोरील अर्धवर्तुळाकार क्षेत्रात बचाव करणाऱ्या संघाकडून नियमभंग झाला, की बहुधा पेनल्टी कॉर्नर मिळतो. गोलखांबापासून १० मीटरवर, मागच्या रेषेवर चेंडू ठेवतात. तेथून एक खेळाडू तो बाहेर ढकलतो. दुसरा खेळाडू अर्धवर्तुळाच्या बाहेर तो थांबवतो. मग तिसरा तो आत घेऊन, स्टिकवर ओढत नेऊन गोलात भिरकावतो. या तिसऱ्याच्या फटक्याला ड्रॅग फ्लिक म्हणतात. अर्धवर्तुळाची रेषा गोलरेषेपासून १४.६३ मीटर अंतरावर असते. चेंडूचा वेग ताशी १०० कि.मी. धरला, तर तो सेकंदाला सुमारे २८ मीटर जातो. म्हणजे १४ मीटर अंतर कापायला त्याला अर्धा सेकंद पुरतो. तेवढ्यात गोलरक्षकाला ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच चौकट सांभाळायची असते. चांगल्या ड्रॅग फ्लिकरला एवढी किंमत का येते, हे यावरून ध्यानात येईल.

परंतु गोलाचे श्रेय तिसऱ्याच्या नावावर लागत असले, तरी काम तिघांचे आहे. समजा, चेंडू नीट ढकलला जाण्याची संभाव्यता ०.९, तो नीट थांबवला जाण्याची ०.९, आणि चेंडू नीट मिळाल्यास आपला नामवंत खेळाडू तीनांत एकदा गोल करतो. तिन्ही गोष्टी जमल्या तरच गोल होतो, म्हणून गुणाकार करायचा. ०.९ × ०.९ × ०.३३ म्हणजे सुमारे ०.२७. ढोबळमानाने चार कॉर्नरमागे एक गोल.

आता तोच खेळाडू कच्च्या जोडीदारांबरोबर खेळू लागला आणि ०.९च्या जागी ०.७ आले, असे समजू. मग ०.७ × ०.७ × ०.३३ म्हणजे सुमारे ०.१६. सहा कॉर्नरमागे एक गोल! खेळाडू तोच, त्याचे मनगट तेच, त्याची किंमतही तीच. तरी त्याचे फळ सामान्य खेळाडूइतकेच झाले. शिवाय कॉर्नर मिळवून देण्यासाठी चेंडू घेऊन आत घुसणारे आघाडीचे खेळाडू लागतात, आणि झालेली आघाडी टिकवायला बचाव फळी लागते. हरमनप्रीत सिंगला ऑक्टोबर २०२४च्या लिलावात सूरमा हॉकी क्लबने ७८ लाख रुपयांना घेतले. पुरुषांच्या प्रत्येक संघाला २४ खेळाडूंसाठी एकूण ४ कोटी रुपयांची मर्यादा होती. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा एकावर खर्च झाला आणि उरलेल्या २३ जणांसाठी ३ कोटी २२ लाख राहिले. जोखीम तोलताना 'हा खेळाडू काय देईल?' एवढेच विचारून भागत नाही. 'त्याच पैशांत आणखी काय मिळाले असते?' हेही विचारावे लागते. पैशांऐवजी खेळाडूंची अदलाबदल केली, तरी हाच प्रश्न लागू पडतो. येणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, जाणाऱ्यांची बेरीज कोणी करत नाही.

दोन नाणी आणि एक फासा

आता समजा, नामवंत खेळाडू चार कॉर्नरमागे एक गोल करतो आणि सामान्य खेळाडू सहा कॉर्नरमागे एक. संघाला एका सामन्यात ४ कॉर्नर मिळतात आणि हंगामात १० सामने आहेत. म्हणजे एकूण ४० कॉर्नर. नामवंत खेळाडूकडून १० गोलांची अपेक्षा, सामान्याकडून सुमारे ६.७ गोलांची. फरक ३.३ गोलांचा.

हे वर्गात प्रत्यक्ष करून पाहता येते. विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. एकाने दोन नाणी एकदम उडवावीत. दोन्हींवर छापा आला तर गोल, कारण त्याची संभाव्यता एक चतुर्थांश. दुसऱ्याने फासा टाकावा. सहा पडले तर गोल. प्रत्येकाने ४० वेळा हे करून गोल मोजावेत. वर्गात २५ जोड्या असतील, तर साऱ्या नाणेवाल्यांची सरासरी १०च्या जवळ आणि फासेवाल्यांची ७च्या आसपास येईल. पण एकेका जोडीचे आकडे पाहिले, तर मौज दिसेल. नाणेवाल्यांपैकी कोणाचे ६ गोल झालेले असतील, कोणाचे १४. आणि सुमारे पाच जोड्यांत नाणेवाला फासेवाल्याच्या पुढे गेलेलाच नसेल!

याचे कारण पसारा. ४० प्रयत्नांत सरासरी १० गोल असले, तरी प्रमाण विचलन सुमारे २.७ येते. म्हणजे बहुतेक हंगामांत ७ ते १३च्या दरम्यान गोल होतील. सामान्य खेळाडूचे ४ ते ९. हे दोन पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. त्यामुळे नामवंत खेळाडू खरोखरच सरस असला, तरी एका हंगामापुरते पाहता साधारण पाचांतून एकदा त्याचा काहीच जादा उपयोग झाला नाही असे दिसेल. तेव्हा वर्तमानपत्रे 'पैसे पाण्यात गेले' असे लिहितील. परंतु निकाल वाईट लागला म्हणून निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. त्याचप्रमाणे निकाल चांगला लागला म्हणून निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. ही एवढी गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनात ठसली, तरी तासाचे सार्थक झाले असे समजावे.

एकावर भिस्त की तिघांवर?

दुखापतीचा विचार आपण अजून केलेला नाही. समजा, कोणताही खेळाडू दुखापतीमुळे सगळ्या हंगामाला मुकण्याची संभाव्यता पाचांत एक आहे. मग नामवंत खेळाडूकडून मिळणाऱ्या जादा गोलांचे अपेक्षित मूल्य ३.३ × ०.८, म्हणजे सुमारे २.६ होते. त्याच पैशांत आपण तीन मध्यम खेळाडू घेतले आणि प्रत्येकाने संघाला १.१ गोलांचा फायदा करून दिला, तर अपेक्षित मूल्य तेवढेच राहते. फरक पसाऱ्यात पडतो. एकच खेळाडू असेल, तर सारे गमावण्याची संभाव्यता १/५. तीन असतील, तर तिघेही एकाच हंगामात जायबंदी होण्याची संभाव्यता १/५ × १/५ × १/५, म्हणजे १२५मध्ये केवळ १.

पण याची दुसरी बाजूही आहे. पूर्ण लाभ पदरात पडण्याची संभाव्यता एका खेळाडूच्या बाबतीत १२५मध्ये १०० होती. तिघेही तंदुरुस्त राहण्याची १२५मध्ये ६४ एवढीच उरते. म्हणजे जोखीम विभागल्याने ती नाहीशी होत नाही, तिचे रूप बदलते. जो संघ आधीच बरा आहे, त्याला स्थैर्य हवे असते. त्याने तिघांकडे वळावे. जो संघ तळाला आहे आणि ज्याला एका उडीत वर यायचे आहे, त्याला मोठा पसाराच हवासा वाटेल. सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर येथे नाही.

गुणाकाराची अट

वरच्या १/१२५ या उत्तरात एक अट दडलेली आहे आणि सगळा धोका तिच्यातच आहे. संभाव्यतांचा असा साधा गुणाकार त्या घटना एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच करता येतो. एकाचा गुडघा दुखावला म्हणून दुसऱ्याचा दुखावत नाही, तोवर हिशेब ठीक आहे. पण दोघांच्याही मागे एकच कारण उभे असेल तर?

मुंबईच्या संघाला २०१३ मध्ये नेमके हेच भोगावे लागले. त्या पहिल्या हंगामात पाकिस्तानचे नऊ खेळाडू भारतात आले होते आणि त्यांतले चार एकट्या मुंबईकडे होते. जानेवारीत सीमेवर तणाव वाढला आणि स्पर्धा सुरू होता होता हे नऊही खेळाडू मायदेशी परत पाठवले गेले. चौघे स्वतंत्रपणे अनुपलब्ध होण्याची संभाव्यता वरच्या हिशेबाने १/५चा चौथा घात, म्हणजे ६२५मध्ये १. प्रत्यक्षात चौघांची दोरी एकाच खुंटीला बांधलेली होती. ती खुंटी उखडली आणि चौघेही एकदम गेले. मुंबई तळाला जाण्याचे हेच एक कारण होते असे म्हणता येणार नाही. पण चार वेगवेगळे खेळाडू घेतले म्हणजे जोखीम चार ठिकाणी विभागली, हा समज कसा फसवा असतो ते यातून कळते.

खेळापासून दूरचे, पण पुणेकरांना कधीही न विसरता येणारे एक उदाहरण येथे देणे योग्य होईल. खडकवासल्याचे दगडी धरण एकोणिसाव्या शतकातले. त्याच्या वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. समजा, कोणी त्या वेळी असा हिशेब मांडला असता, की प्रत्येक धरण एखाद्या वर्षी फुटण्याची संभाव्यता हजारात एक, म्हणून दोन्ही फुटण्याची दहा लाखांत एक. कागदावर हा गुणाकार बिनचूक आहे. पण १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याचे सारे पाणी खडकवासल्यावर आदळले आणि त्याच दिवशी खडकवासलाही फुटले. पुण्यात हाहाकार उडाला. दोन धरणे एकाच पाण्याच्या वाटेवर होती. पहिले फुटल्यावर दुसरे फुटण्याची संभाव्यता हजारात एक कशी राहील? ती जवळजवळ एकच होते. खडकवासल्यातल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणे आणि नद्यांच्या प्रतिकृतींवर वर्षानुवर्षे प्रयोग होत आले आहेत. अशा अभ्यासात एकेका बांधकामाबरोबर पाण्याची सगळी वाट विचारात घ्यावी लागते ती यासाठीच. हॉकीतली चूक फार तर एका हंगामाला भोवते, धरणाची चूक शहराला भोवते. परंतु गणितातली चूक दोन्हीकडे एकच आहे. स्वतंत्र नसलेल्या घटनांना आपण स्वतंत्र मानले.

लिलाव जिंकण्याचा तोटा

आतापर्यंत आपण खेळाडूचे मूल्य अचूक माहीत आहे असे धरले. प्रत्यक्षात प्रत्येक संघ ते अंदाजानेच ठरवतो. समजा, एका खेळाडूचे खरे मूल्य ४० लाख आहे. पाच संघांनी ते ३२, ३७, ४०, ४३ आणि ४८ लाख असे अजमावले. या अंदाजांची सरासरी बरोबर ४० येते. पण खेळाडू मिळतो कोणाला? ४८ लाखांचा अंदाज करणाऱ्याला. ४३ लाखांवाला थांबेपर्यंत तो बोली वाढवत राहणार, म्हणजे किमान ४३ लाखांच्या वर पैसे मोजणार. ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकीच्या बाजूला गेला, तोच 'विजयी' होतो! केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या अमेरिकेतल्या तेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९७१ मध्ये समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबाबत ही गोष्ट दाखवून दिली. तिला 'विजेत्याचा शाप' असे नाव पडले आहे.

याचा प्रयोगही सोपा आहे. एका बरणीत मोजून चिंचोके भरावेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला चिठ्ठीवर अंदाज लिहायला सांगावे. अंदाजांची सरासरी पुष्कळदा खऱ्या आकड्याच्या बरीच जवळ जाते, पण सर्वांत मोठा अंदाज जवळजवळ नेहमीच खूप वर असतो. लिलावात बोली त्याची लागते.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. खेळाडूला मोठी किंमत बहुधा त्याच्या उत्तम हंगामानंतर येते. उत्तम हंगामात कौशल्य असते, तसाच अनुकूल योगायोगही असतो. आपल्या वर्गात १४ गोल करणाऱ्या नाणेवाल्याला पुन्हा ४० वेळा नाणी उडवायला सांगा. तो बहुधा १०च्या आसपास परत येईल. त्याची नाणी बिघडली असे कोणी म्हणणार नाही. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात हे सरासरीकडे परत येणे मांडले होते. खेळाडूच्या बाबतीत मात्र 'पैसे मिळाले आणि डोक्यात हवा गेली' असे म्हणून आपण मोकळे होतो.

नियम बदलले तर?

शेवटची जोखीम खेळाडूच्या हातात मुळीच नसते. २०१६च्या हंगामापासून याच लीगमध्ये मैदानी गोल दोन गोलांच्या बरोबरीचा धरला जाऊ लागला, पेनल्टी कॉर्नरवरचा मात्र एकच. एका निर्णयासरशी ड्रॅग फ्लिकरचे सापेक्ष मूल्य उतरले. खडकीत जन्मलेल्या धनराज पिल्ले यांच्यासारखा, चेंडू घेऊन बचाव फळी भेदत जाणारा खेळाडू त्या नियमांत सर्वांत महाग ठरला असता. पुढे तर २०१७ नंतर लीगच बंद पडली, ती डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली सात वर्षे ज्यांच्या उमेदीची होती, त्या खेळाडूंच्या दृष्टीने पाहा. संघमालक आपली जोखीम २४ जणांत विभागू शकतो. खेळाडूजवळ गुंतवायला एकच शरीर आणि मोजकी वर्षे असतात. या व्यवहारात सर्वांत मोठी जोखीम तोच घेत असतो.

मग निर्णय कसा घ्यावा?

या विवेचनाचा अर्थ नामवंत खेळाडू घेऊच नये असा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राउरकेल्याच्या अंतिम सामन्यात श्राची रार बंगाल टायगर्सने हैदराबाद तूफान्सना ४-३ असे हरवले. त्या चारांपैकी तीन गोल ४८ लाखांना घेतलेल्या जुगराज सिंगचे होते. कौशल्याला मोल आहेच. प्रश्न ते तोलण्याचा आहे. त्यासाठी विद्यार्थ्यांपुढे पुढील प्रश्न ठेवता येतील.

१. या खेळाडूकडून सरासरी किती लाभ होईल, आणि त्या लाभाचा पसारा किती?
२. त्याचे यश आणखी किती जणांच्या कामाशी गुणले जाते?
३. तेवढ्याच मोलात दुसरे काय मिळाले असते?
४. आपला अंदाज इतर सर्वांपेक्षा वर का आहे? आपल्याला काही जास्त ठाऊक आहे, की आपण चुकलो आहोत?
५. जे धोके आपण वेगवेगळे मानतो आहोत, ते खरोखर स्वतंत्र आहेत, की एकाच खुंटीला बांधलेले आहेत?

पाचवा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण त्याचे उत्तर आकडेमोडीतून मिळत नाही. त्यासाठी परिस्थिती नीट पाहावी लागते. वर्गात हे प्रश्न हॉकीपुरते ठेवण्याचे कारण नाही. सगळ्या शेतात एकच पीक घेणारा शेतकरी, एकाच परीक्षेवर भवितव्य सोडणारा विद्यार्थी, एकाच तलावावर विसंबलेले गाव अशी उदाहरणे मुले आपल्या आसपास शोधून काढतील. प्रत्येक उदाहरणात गुणाकार करण्याआधी त्यांनी एवढेच विचारावे, की या घटना खरोखर स्वतंत्र आहेत का?